चार वाजताचा पाहुणा

माझी वहिनी गाडी चालवायला शिकवते. आमच्या भागात जो कोणी सिग्नलला शहाण्यासारखा थांबतो, तो बहुतेक तिचा विद्यार्थी असतो. जो थांबत नाही तोही तिचाच असतो, पण त्याचं नाव ती काढत नाही.

वहिनीला दोन आवाज आहेत. एक गाडीतला, एक घरातला. गाडीतल्या आवाजात ती म्हणते, "हरकत नाही, पुन्हा एकदा करून बघू या," आणि समोरच्याने नुकतीच गाडी फुटपाथवर चढवलेली असते. घरातल्या आवाजात "हरकत नाही" हे शब्द मी क्वचितच ऐकलेत. मी तिचा दीर. झोपतो वरच्या मजल्यावर, जेवतो खाली, त्यामुळे दोन्ही आवाज मला चांगले पाठ आहेत. तक्रार करायची सोय नाही, कारण ताट त्याच घरात वाढलं जातं.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, कवळ्या बनवतो. दाताचे डॉक्टर साचे पाठवतात आणि दादा मागच्या खोलीत दिव्याखाली बसून एकेक दात घासून बसवतो. हात असा हलका की बघत राहावं. पाय मात्र जड. गाडीत बसला की सगळा जीव पायात उतरतो आणि गाडी एक तर उडी मारते, नाहीतर जागच्या जागी बंद पडते. वहिनीने त्याला तीनदा शिकवायला घेतलं, तिन्ही वेळा घरातल्या आवाजात. तिसऱ्या वेळी दादा पुलाच्या मधोमध गाडीतून उतरला आणि चालत घरी आला. त्या दिवशी जेवताना मीठसुद्धा माझ्यामार्फत मागितलं गेलं.

पुढे तो विषय कोणी काढला नसता, पण वहिनीचा गुडघा मध्ये आला. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. लोकांच्या चुकांवर वहिनी इतकी वर्षं तो दाबत आली आणि शेवटी गुडघ्याने हात टेकले. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. वहिनीने तारीख घेतली आणि पुढे ढकलली, पुन्हा घेतली, पुन्हा ढकलली. ऑपरेशननंतर दिवसाआड व्यायामासाठी दवाखान्यात जायचं होतं आणि वहिनीला दुसऱ्याच्या गाडीत बसताच येत नाही. टॅक्सीत बसली की तिचा पाय आपोआप ब्रेक शोधतो आणि खालचा पत्रा दाबत राहतो. डॉक्टरांनी तर बजावलं होतं की काही आठवडे त्या पायावर जोर म्हणून द्यायचा नाही. "मग मला नेणार कोण?" इथे येऊन दर वेळी बोलणं संपायचं, कारण मलाही गाडी येत नाही. जिना ती आडवी होऊन उतरायला लागली होती. दादा खाली उभा राहून बघत असायचा, आणि त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवत नसे.

आता या सगळ्यात अ‍ॅप कुठून आलं ते सांगतो. शिकवणीच्या वेळा ठरवायला मी वहिनीला इंटरनेटवरचं एक अ‍ॅप लावून दिलं होतं. लोक त्यात आपापली वेळ निवडतात, मी वरून लक्ष ठेवतो आणि वहिनी रोज सकाळी त्याला नावं ठेवते. एके दिवशी अ‍ॅपवाल्यांचा मोठ्या उत्साहाने लिहिलेला निरोप आला: तुमच्यासाठी नव्या सोयी आणल्या आहेत.

"जुन्या कुठे कळल्यात अजून?" वहिनी म्हणाली.

तरी आम्ही टेबलावर बसून एकेक सोय बघितली. दादा शेजारी मटार सोलत होता. शिकवणीच्या आदल्या दिवशी विद्यार्थ्याला आपोआप आठवण जाणार होती. ते वहिनीला पटलं, कारण विसरभोळ्या लोकांवर तिचा राग जुना आहे. शिकवणी झाल्यावर विद्यार्थ्याला आपलं मत लिहिता येणार होतं. "लिहू देत की, मी कुणाला घाबरते?" मग आलं 'दुसरा शिक्षक जोडा'. त्यावर तिने चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की मी घाईघाईने पुढे सरकलो.

"माझ्या गाडीत दुसरा शिक्षक म्हणे," ती पुटपुटली.

शेवटची सोय होती 'पाहुणा म्हणून वेळ घ्या'. नाव द्यायची गरज नाही, फक्त फोन नंबर, तोही अ‍ॅप सांभाळणाऱ्यालाच दिसणार.

"नाव न सांगणारा माणूस गाडीत कशाला घ्यायचा?"

"वहिनी, काही लोकांना लाज वाटते. वय झालेलं असतं, पूर्वी जमलेलं नसतं. नाव न सांगता यायला मिळालं तर येतील बिचारे."

वहिनी विरघळली. उशिरा शिकायला येणाऱ्यांवर तिची फार माया. "असू दे मग ती सोय," ती म्हणाली. "अशा माणसांना जरा सांभाळूनच घ्यावं लागतं."

दादाच्या हातातली शेंग तशीच राहिली होती. मी ते पाहिलं आणि तेव्हा त्याचा काही अर्थ लावला नाही.

त्याच आठवड्यात पहिला पाहुणा आला. वेळ दुपारी चारची, जागा पोस्टाचा कोपरा, शिकाऊ परवाना आहे. नंबर माझ्या मोबाइलवर उमटला आणि मी सरळ मागच्या खोलीत गेलो.

"तू?"

दादाने हातातली कवळी खाली ठेवली. "हळू बोल. घरी तिला विचारलं की ती बायको होते आणि मी मूर्ख होतो. परक्याशी ती किती गोड बोलते, ऐकलंयस ना? मला तो एक तास हवाय. मी शिकलो तर तिला ऑपरेशन टाळायला काही निमित्त उरणार नाही."

"आणि तिने तुला बघून गाडी तशीच पुढे नेली तर?"

"म्हणून तू बरोबर येणार आहेस," दादा म्हणाला.

चारला पाच कमी असताना आम्ही दोघं पोस्टाच्या कोपऱ्यावर उभे होतो. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि केस पाणी लावून बसवले होते. वहिनीची गाडी आली, थांबली, काच खाली झाली.

"इथे काय करताय दोघं? बाजूला व्हा, माझा विद्यार्थी यायचाय."

"नमस्कार मॅडम," दादा म्हणाला. "चारची वेळ माझी आहे."

वहिनीने मोबाइल पाहिला, दादाला पाहिलं, मग मला पाहिलं. मला जरा जास्त वेळ पाहिलं.

"भाऊजी, हे तुमचं काम?"

"माझं काम वेळा बघायचं," मी म्हटलं. "वेळ बरोबर घेतलेली आहे."

"मी रद्द करते."

"त्याच दिवशी रद्द करता येत नाही, मॅडम," दादा म्हणाला. "नियम तुमचाच आहे."

तो नियम तिनेच मला सांगून अ‍ॅपमध्ये घालायला लावला होता. वहिनीने मोबाइल खाली ठेवला. मग दार उघडून उतरली, लंगडत पलीकडे गेली आणि शिकवणाऱ्याच्या जागेवर बसली. मी मागे चढलो आणि पट्टा आधी बांधला.

"आरसे नीट करून घ्या," ती म्हणाली. गाडीतला आवाज होता.

दादाने आरसे नीट केले, गिअर टाकला, क्लच सोडला. गाडीने उडी मारली आणि बंद पडली. वहिनीने छाती भरून श्वास घेतला. आता काय ऐकायला मिळणार म्हणून मी डोळे मिटले.

"हरकत नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांचं होतं."

"माझा हा चौथा पहिला दिवस आहे, मॅडम."

वहिनी खिडकीबाहेर बघायला लागली. आरशात मला तिचे हलणारे खांदे दिसत होते.

तास संपल्यावर दादा पोस्टापाशीच उतरला. विद्यार्थ्याला घरापर्यंत सोडायची पद्धत नाही म्हणाला आणि चालत निघाला. घरी कोणी शिकवणीचं अवाक्षर काढलं नाही. पण दुसऱ्या दिवशी चहा पिताना दादाचा मोबाइल किणकिणला.

"कुणाचा निरोप?" वहिनीने चहा ओतता ओतता विचारलं.

"शिकवणीचा. उद्या चार वाजता वेळेवर या म्हणतात."

"बाई कशा आहेत?"

"बाई चांगल्या आहेत. घरी कशा असतील, सांगता येत नाही."

"घरी चांगल्याच असणार," वहिनी म्हणाली. "घरचे कसे आहेत यावर आहे ते."

असं सुरू झालं. दादा जमेल तेव्हा चारची वेळ घ्यायचा, मी मागे बसायचो. घरी दोघं पहिल्यासारखे भांडत, ओला टॉवेल, दिवे, दाराची कडी यांवरून. गाडीत मात्र तो मॅडम म्हणायचा आणि ती हरकत नाही म्हणायची. दादाचा पाय हळूहळू हलका होत गेला. वहिनीने ऑपरेशनची तारीख पुन्हा घेतली, पण घेतली म्हणजे होणारच असं काही आमच्याकडे नव्हतं.

प्रत्येक तासानंतर दादा अ‍ॅपवर मत लिहायचा आणि वहिनी ते चोरून वाचायची. एकदा त्याने लिहिलं: बाई छान समजावून सांगतात. ब्रेक मात्र माझ्याआधी दाबतात.

हे तिला लागलं. दोन दिवस ती स्वतःशीच म्हणत होती, "मी कशाला आधी दाबेन?" खरं म्हणजे दाबायची. मागून मला तिचा पाय दिसायचा. दादा ब्रेककडे वळायच्या आत तो खाली गेलेला असायचा, आणि दर वेळी तिच्या ओठाचा कोपरा दुखण्याने मुडपायचा.

मग तो ट्रकचा दिवस आला. मोठ्या चौकात डावी-उजवीकडे बघून दादा नीट पुढे निघाला होता. तेवढ्यात बाजूच्या गल्लीतून एक ट्रक बाहेर आला. दादाने तो पाहिला होता, वेग कमीही केला होता. पण वहिनीने सगळा जोर लावून आपला ब्रेक दाबला. गाडी कचकन थांबली आणि तिच्या तोंडून "आई गं" बाहेर पडलं. त्यामागोमाग घरातला आवाज आला.

"डोळे कुठे असतात तुमचे? एक काम धड करता येईल तर शपथ. कवळ्या बसवा घरी, तेवढंच जमतं तुम्हाला."

मला पूल आठवला. आता हा दार उघडणार. दादाने वळायचा दिवा लावला, गाडी सावकाश कडेला घेतली, इंजिन बंद केलं.

"मॅडम," तो म्हणाला, "घरच्या बाई आल्यात वाटतं. त्यांना सांगा, वेळ घेऊन या."

वहिनी हसायला लागली. गुडघा दोन्ही हातांनी धरून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यातलं किती हसण्याचं होतं हे मला कळेना. मग ती थांबली.

"मला भीती वाटते हो," ती म्हणाली. "ऑपरेशनची नाही. त्याच्यानंतरची. आयुष्यभर माझ्या पायाखाली ब्रेक होता. तो नसताना नुसतं बसून राहायचं, हे मला येत नाही."

"मलाही गाडी येत नव्हती," दादा म्हणाला. "तूच शिकवलीस." चारच्या तासात तो पहिल्यांदाच तिला 'तू' म्हणाला, आणि त्याचं त्यालाही कळलं नाही.

"ट्रक तुम्ही पाहिला होतात?"

"पाहिला होता."

"मग मी उगाच दाबला." तिने पदराने डोळे पुसले. "चला. आरसे बघा आणि निघा."

परवान्याच्या परीक्षेत दादाने पहिल्यांदा मागे घेताना खांब पाडला. दुसऱ्यांदा पाडला नाही. परवाना हातात आला त्या दिवशी वहिनीने डॉक्टरांना फोन केला आणि तारीख पक्की आहे असं स्वतःहून सांगितलं. मग तिने मला अ‍ॅपवरच्या पुढच्या सगळ्या वेळा बंद करायला लावल्या. ऑपरेशन नीट झालं. नर्सना ती झोपेच्या गुंगीत आरसे बघायला सांगत होती म्हणे.

तिला घरी सोडणार त्या सकाळी माझा मोबाइल वाजला. सगळ्या वेळा बंद असताना चारची एक वेळ उघडली होती. नंबर वहिनीचा होता, म्हणजे ती दवाखान्यातल्या खाटेवरून उघडलेली होती. नाव: पाहुणी. जागा: दवाखान्याचं दार. त्याखाली 'दुसरा शिक्षक जोडा' या रकान्यात, जिथे इतके दिवस काहीच नव्हतं, तिथे लिहिलं होतं: आमचे हे.

मी मोबाइल दादापुढे धरला. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि इस्त्री तापायला लावली.

चार वाजता आम्ही दवाखान्याच्या दारात होतो. वहिनीला पाय लांब करता यावा म्हणून मागच्या सीटवर उशा लावून बसवलं. पुढे शिकवणाऱ्याच्या जागेवर मी बसलो. दादा निघाला. रस्ता गर्दीचा होता, स्कूटरवाले दोन्ही बाजूंनी घुसत होते आणि मोठा चौक जवळ आला तसं मला राहवेना. मी हळूच पाय पुढे सरकवून त्या दुसऱ्या ब्रेकवर ठेवला.

"भाऊजी," मागून आवाज आला. घरातला होता की गाडीतला, मला आजही सांगता येत नाही. "तो पाय काढा तिथून. हे चालवतायत ना."

मी पाय काढला. दादाने चौक पार केला. जरा वेळाने मी मागे वळून पाहिलं, तर वहिनी उशीला डोकं टेकून झोपली होती आणि तिचे दोन्ही पाय स्वस्थ होते.