भेंडीखालचा आवाज

जनामावशी आपल्या मशीनला शिव्या द्यायची. गुडघ्यापर्यंत चापून नेसलेलं लुगडं, अंबाड्यात अबोलीची वेणी, कानांवर भलेमोठे हेडफोन आणि हातात मेटल डिटेक्टर. लांब दांड्याच्या टोकाला थाळी लावल्यासारखं ते यंत्र. ते ‘टीं’ करून वाजलं की मावशी बसकण मारायची, खुरप्यानं जमीन उकरायची आणि बिअरच्या बाटलीचं झाकण बाहेर काढायची. मग, “मेल्या, परत लबाडी केलीस? तुला काय सांगला होता?” असं म्हणून त्या थाळीवर एक चापटी.

खारघरला आमच्या सोसायटीच्या भिंतीमागे तेव्हा मोकळी जमीन होती. पूर्वी ती मावशीच्या गावाची, खाडीकडेची शेतं. नंतर सरकारनं घेतली. जेसीबीनं तिचा वरचा थर खरवडून नेला होता आणि आता भराव टाकून तिथं बाग होणार होती. सकाळी फिरताना मावशीनं केलेल्या एका खड्ड्यात माझा पाय गेला आणि चांगलाच मुरगळला. माझा राग नाकाच्या शेंड्यावर. मी लंगडत गेले आणि तोंड सोडलं, “अहो, हे खड्डे बुजवणार कोण? तुमचा बाप?”

तिनं एका कानावरचा हेडफोन सरकवला. “माजा बाप मेला. मीच बुजवते. पाय मुरगलला काय? बस खालती, चोलून देते.” आणि खरंच मला मातीत बसवून तिनं पाऊल मांडीवर घेतलं. चोळता चोळता म्हणाली, “बाय, तुला विंग्रजी येतं ना? ह्यो काय बोलतो त्ये मना सांग.”

झालं, भांडायला गेलेली मी मशीनची मास्तरीण होऊन परत आले. खरं तर मलाही ओ की ठो कळत नव्हतं. मोबाइलवर व्हिडिओ बघायचे आणि संध्याकाळी तिच्याबरोबर हिंडायचं, असं सुरू झालं. हळूहळू कान तयार झाले. खिळा तडतडतो, आणि थाळी आडवी फिरवली की गप्प होतो. पत्र्याचा डबा इतका बोंबलतो, की थाळी कमरेइतकी वर उचलली तरी ऐकू येतो. गुटख्याच्या पुडीची चांदी बारीक आवाजात चिवचिवते. हे सगळं सोडून द्यायचं. दोन्ही बाजूंनी एकसारखा, स्वच्छ आवाज आला आणि थाळी वर उचलताच तो विरला, तरच खणायचं.

पण मावशी सोडून देईल तर शपथ! प्रत्येक आवाजाला खुरपं. मी ओरडायचे, “मावशी, खिळा आहे तो! कान काय गहाण टाकलेस?” ती शांतपणे उकरत म्हणायची, “आसंल. मशीन खोटा बोलत नाय बाय, पन आर्धा बोलतो. बाकीचा माती बोलंल.” खिळाच निघायचा. तोही ती पदरात बांधून घ्यायची. मला इतका संताप यायचा, की एकदा मी हेडफोन फेकून घरी निघून गेले. दुसऱ्या दिवशी ही दारात हजर, हातात बोंबलाच्या कालवणाचा डबा. “राग खाऊन पोट भरत नाय. ह्यो खा नि चल.”

तिथल्या सुपरवायझरला तर ती फुकटची करमणूक सापडली होती. “ए म्हातारे, हंडा सापडला तर अर्धा आपला हां!” आमच्या सोसायटीतले सुशिक्षितही काही मागे नव्हते. गच्चीतून फोटो काढायचे, ग्रुपवर टाकायचे, खाली हसणारे चेहरे. घरी तिचा मुलगा विचारायचा, “आये, भाडी येतात ना चाळीची? तुला सोना कशाला पायजे?” ती सरळ हेडफोन कानांवर ओढायची. शेवटी मीच एकदा कावून म्हणाले, “मावशी, तू नेमकं शोधतेस काय, ते तरी सांग. कशाचा आवाज ऐकायचा तेच ठाऊक नसेल, तर मी कपाळ शिकवू?”

तिनं इकडंतिकडं बघितलं. म्हणाली, “चांदीचं वाळे.” मग अंगठा नि बोट जुळवून गोल दाखवला. एवढासा.

एवढ्याशा वाळ्यात कोणाचा पाय मावतो हे कळायला मला वेळ लागला नाही.

तिची पहिली मुलगी, हौसा. बारशाला पायात वाळे घातले आणि थोड्याच दिवसांत तापानं गेली. तान्ही मुलं जाळत नाहीत, पुरतात. “सासरा बोलला, चांदी काढून घे, मातीत कशाला घालतेस? मी नाय काढली. पोरीला छातीशी धरून बसली. बोलली, हात लावशील त बघ.” वाळे राहिले. पण पुरायला बायकांनी जायचं नसतं. नवरा आणि दीर घेऊन गेले. कुठं पुरलं, हे तिनं नवऱ्याला विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, “भेंडीच्या खालती.” पुढं जन्मभर त्यानं तो विषय काढू दिला नाही. तो मेला, दीर मेला आणि भेंडीचं ते जुनं, डेरेदार झाड जेसीबीनं उपटलं. आता भराव पडायच्या आत तिला पोरगी हवी होती. घरी नेऊन तुळशीशी ठेवायची होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोणावर चिडू? सासऱ्यावर? नवऱ्यावर? आईनं मुलीला पोचवायला यायचं नाही, असं ठरवणाऱ्या त्या शहाण्यांवर? सगळे मरून सुटलेले. मी जाऊन त्या सुपरवायझरला झाडलं, तो बिचारा तोंड वासून बघत राहिला. बिचारा कसला, मेला!

घरी येऊन कपाट उघडलं. माझ्या मुलीचे, मुग्धाचे वाळे होते. सोसायटीच्या बागेत गुलाबाच्या वाफ्यात ते वीतभर खोल पुरले आणि मावशीला म्हटलं, “ऐक आता.” तिनं थाळी फिरवली. एकदा इकडून, एकदा तिकडून. गोड, गोल आवाज, दोन्ही बाजूंनी सारखा. ती पुन्हा पुन्हा ऐकत राहिली. माळी बोंबलला, त्याला मी गप्प केलं. त्या दिवसापासून मावशीनं खिळे उकरणं सोडलं.

भराव टाकायचे डंपर येऊन रांगेत उभे राहिले त्या सकाळी तो आवाज आला. उपटलेल्या भेंडीच्या खळग्यापासून चार पावलांवर. तिनं थाळी आडवी फिरवली, उभी फिरवली. वर उचलली, आवाज विरला. हेडफोन काढून माझ्या कानांवर ठेवले. तोच आवाज! मी खुरपं घेऊन गुडघ्यांवर बसले, तर तिनं माझं मनगट धरलं.

“नको बाय.”

“नको काय? वेड लागलंय का? डंपर आलेत, मावशी! एवढे दिवस जमिनीची चाळण केलीस ती कशाला?”

“वाळे काढायचं म्हंजे पोरीच्या पायातून काढायचं. तवा नाय काढलं, आता काढू?” तिनं मशीनचं बटण बंद केलं. “मना जागा पायजे होती. गावली.”

मी चिडले, रडले, वाट्टेल ते बोलले. ती मात्र उभी राहून लांब बघत होती. तिचा बाप खाडीत मासे मारायचा. पाण्यात खूण करता येत नाही, म्हणून ही माणसं काठावरच्या दोन-दोन वस्तू एका रेषेत धरून जाळ्याची जागा लक्षात ठेवतात. “बघ, इजेच्या टावरच्या मागं गावदेवीचा कळस. नि तिकरं पान्याच्या टाकीमागं डोंगराची खाच. दोनी जुलले का आपन हौसाजवल.” मलाही उभं करून तिनं ते दाखवलं, मला बरोबर सांगता येईपर्यंत सोडलं नाही.

दुपारी भराव पडला. पुढं बाग झाली, चालायला फरशांचा ट्रॅक झाला. मावशी रोज संध्याकाळी यायची. एका ठिकाणी कळस बघायची, खाच बघायची आणि तेवढ्या फरशा सोडून हिरवळीवरून वळसा घालायची. वॉचमन शिट्टी मारायचा, तिला ऐकूच यायची नाही.

कोणी कोणी मला म्हणतं, कशावरून ते वाळे होते? झाकण नसेल कशावरून? मी म्हणते, तिनं त्या जमिनीतली सगळी झाकणं स्वतः उकरून काढली होती. तुम्ही एक तरी काढलंत?

मावशी यंदा गेली. मशीन तिच्या मुलानं भंगारात घातलं, त्यावरून मी त्याच्याशी कडकडून भांडले. आता संध्याकाळी मी जाते. कळस जुळतो, खाच जुळते, मी हिरवळीवर उतरते आणि पाठीमागून शिट्टी येते. “ओ मॅडम, ट्रॅकवरून चला! गवतावर नाय!” काल मात्र मी मागे फिरले आणि थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“ती शिट्टी खिशात ठेव,” मी म्हटलं. “इथं बाळ झोपलंय.”