पालखीला रजा, बाळाला नाही

मंडळी, आज ऑफिसातून आले ती डोकं तापवूनच.

आमची मासळी प्रक्रियेची कंपनी. रजेचे अर्ज माझ्या टेबलावरून साहेबांकडे जातात. आज सकाळी आमच्या नितीनने आठ दिवसांची रजा मागितली. बायकोचं सिझर झालंय, त्याला आई नाही, सासू अंथरुणाला खिळलेली.

साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "काय रे, बाळंत तू झालायस काय? इथलं काम कोण करणार?"

सगळे खिदळले. नितीनही कसनुसं हसला. मला शिसारी आली.

केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला पंधरा दिवस तरी मिळतात. खासगीत तसा कायदाच नाही, म्हणजे सगळी साहेबाची मर्जी.

मी नितीनला बाजूला घेऊन म्हटलं, "नवा अर्ज लिही. दिवस तेच, कारण फक्त शिमग्याची पालखी घाल."

दुपारी साहेबांनी मान वर न करता सही केली. वर म्हणाले, "देवीला माझा पण नारळ ठेव हां." काम कोण करणार, घरात बाळंतपणाचं सोयर असताना पालखीला खांदा कसा देणार, काही विचारलंच नाही! दर शिमग्याला अर्धी कंपनी रिकामी असते, तरी काम चालतंच की.

पालखीवर माझा राग नाही, माझ्या माहेरीही नाचवतात. किळस आली ती खोटं लिहायला लागल्याची. देवीची पालखी खांद्यावर घ्यायला पुरुष हवा, हे सगळ्यांना पटतं. मग स्वतःचं चार दिवसांचं पोर त्याने चोरून का घ्यावं खांद्यावर?