नावापुरती सोडलेली जागा

माझ्या मावसभावाचा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला तो बेलापुरात, चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत. त्याचे वडील, म्हणजे माझे काका, शाळेत मास्तर होते आणि गायनमंडळ तेच चालवत. आमच्या वस्तीत कोणी वारलं की कबरीत माती लोटण्याआधी एक गीत म्हणतात. त्याची पहिली ओळ घरातल्याच माणसानं एकट्यानं म्हणायची. ती पूर्ण झाल्याशिवाय बाकीचे तोंड उघडत नाहीत. काकांनी ही ओळ वस्तीतल्या अनेकांकडून घोटून घेतली होती. आपली ओळ मुलानं म्हणायची, हे त्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

"मी गेल्यावर पट्टी चुकवू नको," ते त्याला म्हणायचे. "न्हाईतर उठून बसंन."

मुलानं पुढे दुसरी गाणी धरली. आमच्या भागात नेत्याचा वाढदिवस किंवा विजयाची मिरवणूक त्याच्या नावाच्या गाण्याशिवाय होत नाही. मावसभाऊ ती गाणी करायचा. श्रीरामपुरात एका गाळ्यावरच्या खोलीत त्याचा स्टुडिओ होता. तिथं त्यानं मला कृती समजावून दिली.

"चाल एकदाच बांधायची, दादा. मधी नावापुरती जागा सोडायची. भाऊ घाला, अण्णा घाला, बसतंय."

"आणि कुणाला कळलं तर?"

"ह्या गावचं गाणं त्या गावात कोण ऐकतंय?"

बरीच वर्षं कुणाला कळलं नाही. आरशाच्या टिकल्यांचं सोनेरी जाकीट, अर्धे केस निळे, पांढऱ्या काड्यांचा गॉगल. स्टेजवर तो चालत येत नसे. झेंडूच्या माळा लावलेल्या जेसीबीच्या बकेटमध्ये उभा राहून वरून उतरायचा आणि खालून हजारभर मोबाईल त्याच्यावर रोखलेले असायचे. भंडारदऱ्याला पर्यटकांच्या तंबूंमध्ये वर्षअखेरीला त्याचा कार्यक्रम ठरलेला. काका एकाही कार्यक्रमाला गेले नाहीत. एकदा मी त्यांना मोबाईलवर दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"आवाज चांगला लागलाय," म्हणाले. "कपडे कुनाचे हायेत?"

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत मिरजगावच्या पलीकडच्या एका गावातून त्याच्याकडे गाण्याची मागणी आली. त्याच आठवड्यात एका मध्यस्थानं आणखी एक नाव पाठवलं. मावसभावानं नाव जागेवर बसवलं आणि गाणं पाठवून दिलं. गाव विचारायचं राहिलं. गाव तेच होतं, पॅनल समोरचं. प्रचार संपायच्या दिवशी दोन्ही मिरवणुका चौकात समोरासमोर आल्या. दोन्ही गाड्यांवर एकच चाल, त्याचाच आवाज, 'तालुक्यात असा एकच वाघ' हीच ओळ, आणि वाघाची नावं दोन. लोक आधी हसले. मग दगड आले.

हरलेल्या पॅनलच्या पोरांनी त्याला कार्यक्रमाची सुपारी द्यायची म्हणून बोलावून घेतलं. पुढचं सगळं व्हिडिओत आहे. एका शेतातल्या शेडमध्ये तो गुडघ्यांवर बसलेला, हात जोडलेले, अंगात जाकीट, गॉगलची एक काच नाही. तो माफी मागतो. मग मोबाईल धरणारा म्हणतो, "आता म्हन की गाणं. जागा मोकळीच हाय, तुझं नाव घाल." वाघाच्या जागी कुत्रा म्हणायला सांगितलेलं असतं. तो म्हणतो. सुरात म्हणतो, हे मुद्दाम नोंदवतो.

मी ज्या दैनिकात काम करतो त्यात बातमी आली नाही, कारण त्यानं तक्रार दिली नाही. तोवर जिल्ह्यानं व्हिडिओ पाहिला होता. त्याचं कुठलंही गाणं इतकं पसरलं नव्हतं. कार्यक्रम थांबले. अनोळखी माणसं फोन करून तीच ओळ म्हणायला सांगत. त्यानं केस कापले, श्रीरामपूरची खोली सोडली आणि घरी येऊन राहिला. उपासनेत मागच्या बाकावर बसायचा, पण गात नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात काकांची किडनी गेली. दवाखान्यात मी उशाशी होतो.

"पट्टी ठरवली का?" त्यांनी मुलाला विचारलं.

"पप्पा, मला न्हाई जमायचं."

"जमतंय का ते कुनी इचारलं? मी पट्टी इचारली."

मावसभावानं त्यांची चादर सारखी केली. मग म्हणाला, "काळी चार."

"लई वर न्हाई ना जात?"

"न्हाई."

"मग ठीक हाय," काका म्हणाले आणि डोळे मिटून पडून राहिले.

दफनाच्या दिवशी तो पांढरा शर्ट घालून कबरीच्या डोक्याकडच्या बाजूला उभा राहिला. साथीला बाजाची पेटी नव्हती. त्यानं मनातच स्वर धरला आणि सुरुवात केली. आवाज शाबूत होता. अर्धी ओळ झाली तेव्हा पुण्याहून आलेल्या एका नातेवाइकानं मोबाईल वर धरला. ज्यांना येता आलं नव्हतं त्यांना दाखवायचं होतं. हल्ली सगळ्याच दफनांत कोणीतरी धरतं. मावसभावाची नजर मोबाईलवर गेली. त्याचे हात आपोआप जोडले गेले आणि आवाज थांबला.

नातेवाइकाला काही कळलं नाही. तो नीट दिसावं म्हणून आणखी पुढे आला. मी त्याचा हात खाली केला. मावसभावाचे हात तसेच राहिले.

पद्धतीप्रमाणे कोणीच पुढची ओळ उचलली नाही. फावडी घेतलेली माणसं थांबली होती. पाळकांनी एकदा त्याच्याकडे, एकदा आमच्याकडे पाहिलं. शेवटी मावशीनं, जिला मी आयुष्यात कधी गाताना ऐकलं नव्हतं, उरलेली अर्धी ओळ म्हटली. मग गायनमंडळ सुरू झालं.

मावशीची पट्टी चुकली होती. सगळे तिच्याच पट्टीत गायले आणि माती लोटली.