हालिना मावशींच्या अंगणातली माती

मंडळी, आमच्या जर्सी सिटीतल्या शेजारीण हालिना मावशी साठ वर्षांनी पोलंडला, वॉर्सॉ या आपल्या गावी जाणार आहेत. तासाभरापूर्वी त्यांच्या मुलीनेच फोनवर सांगितलं.

निमित्त झालो मी, तेही चुकून.

गेल्या आठवड्यात ऑफिसच्या कामाने तिकडे होतो. मावशींची गल्ली शोधली, फोटो काढले आणि त्यांच्या घराच्या अंगणातली चिमूटभर माती फोटोच्या रोलच्या डबीत आणली. आज सकाळी त्यांना दिली.

"मावशी, तुमच्या माहेरची माती. गल्ली जुनी, जशीच्या तशी आहे!"

"जुनी? अरे, ती सगळी घरं माझ्यापेक्षा वयाने लहान आहेत," त्या हसल्या. दुसऱ्या महायुद्धात सगळं जमीनदोस्त झालं होतं, नंतर हुबेहूब बांधलं.

मग त्यांनी डबी उघडली आणि लगेच झाकण लावलं.

"माझी आई त्या ढिगाऱ्याखालून सापडलीच नाही. ही माती परत ठेवायला हवी."

मी माफी मागितली. आपल्याकडे माहेरची माती म्हणजे भेट. तिथे त्या मातीत काय असेल, हे मला सुचलंच नाही. तुम्हाला सुचलं असतं?

मुलगी दरवर्षी "चल" म्हणायची, मावशी टाळायच्या. उद्या ती तिकिटं काढायला येतेय. माती नेमकी कुठून उचलली, त्याचा नकाशा मावशींनी तोवर मागितलाय.