ब्रेकमधली हवा आणि आईचा रविवार

दोन दिवस मी ब्रेक दाबत होते आणि गाडी गल्लीच्या तोंडापलीकडे गेली नव्हती. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. कोल्हापुरात आमच्या गल्लीत, अगदी दारासमोर, आमची जुनी पांढरी गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली. पुढची दोन्ही चाकं काढून भिंतीला टेकवलेली. मी ड्रायव्हरच्या सीटवर अनवाणी आणि नवरा खाली फरशीवर गोणपाट टाकून आडवा.

"दाब," तो खालून म्हणायचा. मी दाबायचे. "धर." मी धरून ठेवायचे. मग तो ब्रेकची निपल, म्हणजे ऑइल सोडायचा छोटा स्क्रू, ढिली करायचा, तिच्यातून ऑइल नळीवाटे बाटलीत जायचं आणि माझा पाय पॅडलसकट खाली टेकायचा. "सोडू नको, सोडू नको," असं ओरडत तो निपल आवळायचा आणि मग म्हणायचा, "हां, सोड." ऑइलबरोबर पाइपातली हवा बाहेर काढायची ही रीत. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण नवऱ्याचं इतक्या वेळा आणि इतक्या निमूटपणे ऐकायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती.

मी ऐकत होते, कारण रविवारी मला आईला आणायचं होतं.

आई घाटाखाली राहायची. गगनबावड्याहून घाट उतरला की थोडं पुढे तिचं खेडं. वडील गेल्यापासून एकटीच. "कोल्हापूरला चल" म्हटलं की तिच्याकडे दर वेळी नवं कारण तयार असायचं, आणि तेही असं की आपलंच तोंड बंद व्हावं. त्या पावसाळ्यानंतर मात्र ती न्हाणीत घसरून पडली. हात नुसता मुरगळला, पण ती घाबरली. शेजाऱ्यांच्या फोनवरून स्वतःहून म्हणाली, रविवारी गाडी घेऊन या, मी येते. एसटीनं ती येणार नव्हती, कारण घाटात तिला उलट्या व्हायच्या आणि गुडघ्यांमुळे एसटीची पायरी चढवत नव्हती. फोन ठेवला आणि मला आनंदाच्या आधी धास्तीच वाटली. माझ्या आईचा होकार फार दिवस टिकत नाही, हे तिच्या पोटी जन्मल्यामुळे मला पक्कं ठाऊक होतं.

नवऱ्यानं ते मनावर घेतलं, जरा जास्तच. मागच्या खेपेला घाट उतरताना आमचे ब्रेक तापले होते, जळका वास सुटला होता आणि शेवटच्या वळणांवर त्याच्या कपाळावर घाम आलेला मी पाहिला होता. "आईस्नी आणायचं म्हंजे ब्रेक पक्के पायजेत," असं म्हणून तो भंगारातून एका मोठ्या गाडीचे कॅलिपर घेऊन आला. कॅलिपर म्हणजे चाकाच्या तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून थांबवणारा भाग. चिमटी मोठी तर पकड मोठी, असा त्याचा हिशोब. हे कॅलिपर आमच्या गाडीला बसत नव्हते, पण कोल्हापुरात एखादी वस्तू बसत नाही असं कुणी म्हणत नाही, ती बसवायला काय लागेल एवढंच विचारतात. नवरा फाउंड्रीत सुपरवायझर. उद्यमनगरात मित्राच्या लेथवर उभं राहून त्यानं मधल्या जाड पट्ट्या बनवून घेतल्या आणि त्या मला स्वयंपाकघरात आणून दाखवल्या. चारही बाजूंनी गुळगुळीत, एकसारख्या, कुठलीही कुठेही बसेल अशा. माझ्या हाताला पीठ होतं म्हणून मी हात लावला नाही, तर तेवढ्यावरूनही रुसला.

शनिवारी दुपारपर्यंत सगळं बसलं. मी पहिल्यांदा ब्रेक दाबला आणि पाय सरळ खाली गेला, चिखलात जातो तसा. दुसऱ्यांदा दाबला तेव्हा कुठे काहीतरी लागलं.

"हवा हाय," तो म्हणाला. "काढू की."

मग आम्ही हवा काढत बसलो. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून जवळच्या चाकापर्यंत यायचं, हा नियम. मागची चाकं झाली, पुढची झाली, पुन्हा मागची. ऑइलचा डबा संपला, दुसरा आणला. बाटलीत एक बुडबुडा येईना आणि पॅडल काही वर येईना. संध्याकाळी गल्ली जमली. एक जण म्हणाला, मास्टर सिलिंडर गेला. दुसरा म्हणाला, रबरी नळ्या फुगतायत. तिसरा म्हणाला, "पावणं, बैलजोडी घ्या त्यापरास." नवऱ्यानं तिसऱ्याला शिवी दिली आणि पहिल्या दोघांचं ऐकून सिलिंडरची रबरं बदलली, नळ्या दाबून पाहिल्या. काही फरक नाही. मी मात्र दर वेळी पॅडल सोडताना घड्याळ बघत होते.

रविवारी सकाळी त्यानं चाकं चढवली आणि अंघोळ करून बाहेर आला.

"दोनदा दाबलं की लागतंय. लागतंय न्हवं? चल, बस."

मागच्या सीटवर मी उशी आणि चादर टाकून ठेवली होती. मी बसले. गल्लीच्या तोंडाशी त्यानं ब्रेक दाबला, पुन्हा दाबला, गाडी थांबली. आदल्या दुपारपासून त्या पॅडलवर माझा पाय होता. तो पहिला फुकटचा दाब मला शेजारच्या सीटवर बसूनही तळपायात जाणवला. मी दार उघडून उतरले.

"घाटात दुसऱ्यांदा दाबायला कोण वेळ देणार हाय?"

"मी चालवणार हाय की. मला म्हाईत हाय कवा दाबायचं."

"मग तुम्ही एकटे जावा. ह्या गाडीत आईला मी बसवणार न्हाय."

गल्लीच्या तोंडाशीच भांडलो, चांगले मोठ्यानं. आमच्याकडे हळू भांडलं तर लोकांना वाटतं कुणीतरी आजारी आहे. बोलले मी ठसक्यात. पण जायची घाई त्याला नव्हती, मला होती.

घरी येऊन मी आईच्या शेजाऱ्यांना फोन लावला. उद्या येतो म्हणून सांगा, म्हटलं. ते म्हणाले, सांगतो, पण तुझी आई सकाळपासून ट्रंक घेऊन पडवीत बसून आहे. मी फोन ठेवला. मला त्या क्षणी नवऱ्याचा, गाडीचा, त्या गुळगुळीत पट्ट्यांचा आणि माझ्या स्वतःच्या तळपायाचा भयंकर राग आला.

चाकं पुन्हा उतरली. दाब, धर, सोड. दुपारनंतर माझ्या पोटरीत गोळा आला. मी म्हटलं, आता तुम्ही दाबा, मी खाली बसते. तो कुरकुरत सीटवर गेला. मी गोणपाटावर बसून पाना हातात घेतला.

"निपल कुठाय?"

"कॅलिपरलाच. खालच्या अंगाला बघ."

"मागच्या चाकाला तर वर हाय. इथं खाली कशी?"

मी सहज विचारलं होतं. दार उघडलं, तो उतरला, माझ्या शेजारी येऊन गुडघ्यांवर बसला आणि नुसता बघत राहिला. मग दुसऱ्या बाजूला जाऊन तिथंही बघून आला.

"डावा उजव्याला बसलाय," तो म्हणाला. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. "हवा वर ऱ्हाणार. आन आपण खालनं ऑइल काढतोय."

पट्ट्या दोन्हीकडे सारख्या, रबरी नळीही तशीच सरळ यायची, म्हणून ते उलटसुलट बसलेलं कुणाच्याच लक्षात आलं नाही. आम्ही डबेच्या डबे ऑइल बाटलीत ओतलं आणि हवा आपली वरच्या कोपऱ्यात आरामात बसून राहिली. एरवी मी हसून हसून त्याचं जिणं नकोसं केलं असतं. त्या दिवशी मला हसू आलं नाही.

कॅलिपरची अदलाबदल होईपर्यंत उन्हं उतरली. या खेपेला निपल ढिली केल्याबरोबर नळीतून बुडबुडे सुटले, एकामागून एक. मग पॅडल वर आलं. पाय ठेवला तर दगडी पायरीवर ठेवल्यासारखं. मी म्हटलं, निघू या, आत्ताच्या आत्ता. तो म्हणाला, नाही. नवे ब्रेक, अंधार, वर घाटात धुकं. सकाळी त्याला जे मी ऐकवलं होतं तेच तो आता मला ऐकवत होता, आणि बरोबर होतं. तरी मी भांडले. त्यानं ऐकून घेतलं.

सोमवारी त्यानं रजा टाकली. घाट उतरताना ब्रेक असे लागत होते की दर वळणावर तो माझ्याकडे बघायचा, मी काहीतरी म्हणावं म्हणून. मी म्हटलंसुद्धा, छान झाले. माझं सगळं लक्ष पुढे होतं.

आई अंगणात होती. शेजारणीला देऊन टाकलेल्या कोंबड्या परत आणून ती त्यांना तांदळाची कणी टाकत होती. ट्रंक आत गेली होती. आतल्या साड्या दोरीवर होत्या.

"काल तयार होतंय मी," ती आपल्या मालवणीत म्हणाली. "आज नाय."

मी समजावलं, चिडले, रडलेसुद्धा. तिनं आम्हाला भात आणि माशाची आमटी वाढली. जेवताना तिनं जावयाला विचारलं, गाडीला काय झालं होतं. तो कुठलीही गोष्ट तिखटमीठ लावल्याशिवाय सांगत नाही, पण त्या दिवशी त्यानं डावा, उजवा, हवा, सगळं जसंच्या तसं सांगितलं. आईनं नीट ऐकून घेतलं.

"बरां झालां," ती म्हणाली. "नीट करून इलास."

ती कोल्हापूरला आली नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. आम्ही जात राहिलो आणि ती आम्हाला वाढत राहिली. काही वर्षांनी एका पहाटे त्याच घरात ती गेली, एकटीच.

त्या सोमवारी परतताना मागच्या सीटवर उशी आणि चादर तशीच होती. घाट चढून वर आल्यावर नवऱ्यानं काही कारण नसताना गाडी कडेला घेतली. पॅडल एकदाच दाबलं, गाडी उभी राहिली.

"मी काल बसायला पायजे होतं का?" मी विचारलं.

"न्हाय," तो लगेच म्हणाला. "त्या ब्रेकवर न्हाय."

इंजिन चालूच होतं. गिअर टाकत, समोर बघत तो म्हणाला, "पण त्या आल्या असत्या."