व्याह्यांचा उशीर

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आमच्या व्याह्यांइतका वेळेचा पक्का माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात नसेल, आणि त्यांनाच मी कोर्टात उशिरा येणारा ठरवलं. माझा मुलगा आणि त्यांची मुलगी यांचं इतकं फाटलं होतं की रेवाच्या, म्हणजे आमच्या नातीच्या, दप्तराचा रंगसुद्धा वकिलांमार्फत ठरायचा. नात आईबरोबर लांज्याला व्याह्यांकडे राहायची. दर शनिवारी चार वाजता हातखंब्याच्या तिठ्यावर व्याह्यांनी तिला माझ्याकडे सोपवायचं, असा कौटुंबिक न्यायालयाचा आदेश होता.

व्याही एसटीत कंट्रोलर होते. नातीलाही गाडीसारखीच सोडत. पावणेचारला आले तरी टपरीमागे थांबत आणि चारच्या ठोक्याला तिचा हात धरून पुढे येत. सोबत त्यांच्या अक्षरातला कागद : 'वेळ ४.००. डावा गुडघा खरचटलेला, जुना. नखं कापली. पाढे अकरापर्यंत. शिंका दोन.' खाली माझी सही. एकदा मी म्हटलं, "अहो, नात आहे, पार्सल नव्हे."

"पार्सल असतं तर टपावर टाकलं असतं. सही करा मुकाट!"

एका शनिवारी सरंग्याचं कालवण-भात जेवून आडवा झालो, तो साडेपाचला जागा झालो. सहा वाजून गेल्यावर हातखंब्याला पोचलो, तर आजोबा-नात गोव्याकडे जाणारे ट्रक मोजत बसलेले. "एकशे बारा झाले," व्याही म्हणाले. "काय वो अण्णा, सरंगा ताजा मिळाला वाटतं?" आणि कागद पुढे केला. 'आम्ही हजर ४.००. अण्णा आले ६.१०.' मी सही केली.

घरी मुलगा खवळलेलाच होता. "एवढा उशीर?" त्याने विचारलं. "तेच उशिरा आले," मी बोलून गेलो. चार दिवसांनी ते वाक्य प्रतिज्ञापत्रात टाइप होऊन आलं. मी तिथेही सही केली.

तारखेला न्यायाधीशबाईंनी व्याह्यांना विचारलं. माझ्या सहीच्या त्या कागदाचं टोक त्यांच्या खिशातून मला दिसत होतं. रेवा माझ्या शेजारी चित्र रंगवत होती. व्याह्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते म्हणाले, "झाला असेल उशीर, बाईसाहेब. वय झालं."

यापुढे मुलीला आईनेच आणावं, असा आदेश झाला. नातीला शेजारी बसवून एसटीने हातखंब्याला येणं, हा त्या माणसाचा आठवड्यातला एकुलता एक सण होता. तो संपला.

बाहेर मी विचारलं, "कागद का नाही दाखवलात?"

"पोर ऐकत होती ना. दोघांतला कुठला आजोबा खोटारडा, हे तिला आत्तापासून कशाला?"

आता सगळं निवळलंय. रेवा कॉलेजात आहे, मनाला येईल तेव्हा दोन्ही घरी जाते. तिचे आईबापही एकमेकांशी सरळ बोलतात. मी अधूनमधून लांज्याला जातो, व्याह्यांच्या ओटीवर आम्ही मजेत बसतो. मागच्या खेपेला मी धीर करून सुरुवात केली, "व्याही, त्या शनिवारी मी..."

"त्या शनिवारी मी उशिरा आलो होतो," ते म्हणाले. "कोर्टात नोंद आहे. आता या वयात कोर्टाला खोटं पाडता? चला, पानं वाढलीत."

मी उठलो, पोटभर जेवलो, घरी आलो. मला एवढंच म्हणायचं होतं : व्याही, मी झोपलो होतो. मला माफ करा.