शिध्याचे लाडू

आमच्या चुली वेगळ्या होऊन लई वर्षं झाली, पण रेशनकार्ड एकच राहिलं. निलंग्याला तहसिलात खेटे कोण घालणार? कार्डावर पहिलं नाव माझ्या मोठ्या जावेचं. दर महिन्याला धान्य उचलून तीच दारात बसून सारखे वाटे घालणार. त्यात तिनं एकदा तरी हात मारला असता तर मला भांडायला जागा मिळाली असती. पण न्हाई! उलट माझ्याच वाट्यात वरून एक ओंजळ टाकणार. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो.

खरं दुखणं धान्याचं नव्हतंच, माझ्या पोरीचं होतं. मी दिवसभर शिलाई मशीनवर, म्हणून पोर वाढली जावेच्या मांडीवर. तिला 'मोठी आई' म्हणते. लग्न करून नांदेडला दिली, तरी फोन केला की पहिला प्रश्न, "मोठी आई काय करायलीय?" अगं, मी जिती हाय ना अजून!

त्या साली तिची पहिली दिवाळी, जावई येणार. मी मनाशी पक्कं केलं होतं, यंदा लाडू माझ्या हातचे. जावयासमोर पोरीनं म्हणायला पाहिजे, माझ्या आईनं केलेत. पण सोयाबीन पावसात भिजलेलं, घरात खडखडाट. तेवढ्यात रेशनवर दिवाळीचा शिधा आला. रवा, साखर, डाळ, तेल. कार्डामागं एकच पिशवी. वाटे घातले तर कुणाच्याच घरी धड फराळ होणार नव्हता.

रेशनच्या दुकानात जावेनं तिथल्या मशीनवर अंगठा ठेवला. उठेना. सोयाबीन काढून काढून तिच्या बोटांच्या रेषाच पुसलेल्या. पदराला पुसून पुन्हा ठेवला, तरी न्हाई. "काकू, कार्डावरचं दुसरं कुणीतरी आणा," दुकानदार म्हणला. तिनं मला बोलावणं धाडलं. माझा अंगठा पहिल्या झटक्यात उठला. खरं सांगते, गुदगुल्या झाल्या मला. वाटेतच भांडण जुळवून ठेवलं होतं मी: अंगठा माझा, पिशवी माझी.

तोंड उघडायच्या आत तिनं पिशवी माझ्या हातात दिली. "जावई तुझ्या घरी येणार. घेऊन जा सगळं."

"आणि तुमच्या घरी, अक्का?"

"आम्हाला काय, हाय की भाकर."

जुळवलेलं सगळं भांडण वाया गेलं. पिशवी काखोटीला मारून मी तिच्या पुढं घरी निघाले.

लाडूला बसले अन् पाक पुढं गेला. रवा टाकला तर नुसता भुगा. मूठ वळली की घरंगळून खाली. एवढाच रवा, एवढीच साखर! मला रडू फुटलं. ती आली, न बोलावता. कढई बघितली. गरम दुधाचा हबका मारला, झाकून ठेवलं, मग बसून भराभरा लाडू वळले. सारखे, गोल, मेले देखणे. मी शेजारी बसून जळत होते. जाताना मीच तिला म्हणलं, "पोरीला सांगू नका." "मी कशाला सांगू?" म्हणली.

पोरगी-जावई आले. जाऊ भेटायला आली. मी ताट पुढं केलं. पोरीनं लाडू फोडला, एक तुकडा तोंडात टाकला अन् खुलली. "मोठ्या आईनं केलेत!"

"न्हाई गं," जाऊ म्हणली, "तुझ्या आईचे हायेत. मी तर तिकडं कामात होते."

पोरगी हसायलाच लागली. "मोठी आई, तुला खोटं बोलायला येतच न्हाई!" अन् उरलेला लाडू तिनं जावेच्या तोंडात कोंबला. जावई हसला. जाऊ लाडू चघळत माझ्याकडं बघत होती, कावरीबावरी, जणू तिनंच चोरी केली.

मी ताट धरून उभी.

"मला बी दे की गं एक घास," मी म्हणले, माझ्याच पोरीला.

दिला तिनं. चांगला झाला होता मेला.